टायरला हवे होते पाच मिलिमीटर, स्पेसरने घेतले वीस: बडोद्यातल्या एका ऑडी टीटीचं प्रकरण

गाडी २०१२ची ऑडी टीटी कूपे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २११ पीएस, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. मालक तिशीतला, घराणं दांडिया बाजारातलं, आता राहायला गोत्रीला. गाडी सेकंडहँड घेतलेली, पण हौसेने सांभाळलेली. ती माझ्या गॅरेजात आली तेव्हा तक्रारींची यादी होती आणि त्या तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नव्हता. अहमदाबाद एक्स्प्रेस-वेवर नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. डिकीत सामान भरलं आणि मागच्या नावापुरत्या सीटवर पुतण्या बसला, की गतिरोधकावर मागच्या कमानीत टायर घासायचा. रस्त्याला चर पडलेला असला तर गाडी चराच्या मागे ओढली जायची. आणि पावागडला माचीकडे चढताना वळणात पाय दाबला की नाक बाहेर पळायचं, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही पुढची चाकं वळणाबाहेर घसरायची. "पूर्वीपेक्षा जास्त, काका."

'पूर्वीपेक्षा' म्हटल्यावर मध्ये काय झालं ते विचारावंच लागतं. मध्ये एवढंच झालं होतं, की दुसऱ्या शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन त्याने चाकं 'भरून' आणली होती. पुढे मूळचेच २४५/४० आर१८ टायर (२४५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची) आणि आत १५ मिमीचे स्पेसर, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बोल्टांनी बसतं तो हब यांच्यामध्ये घालून चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या. मागे २६५/३५ आर१८चे नवे टायर आणि २० मिमीचे स्पेसर. रिम मूळच्याच, १८ इंची, ९जे (म्हणजे ९ इंच रुंद), ईटी५२ (त्याचा अर्थ पुढे येईल). मागून बघितली तर गाडी खरंच देखणी दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. टीटीची चाकं कारखान्यातून येतात तीच जरा कमानीच्या आत बसलेली असतात आणि ते डोळ्याला खुपतं.

चाक उतरवल्यावर

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून केली, कारण घासत होतं ते तिथे. बोल्ट सैल करताना हाताखालचा मुलगा फेरे मोजत होता, ती आमच्याकडची सवयच आहे. पाच फेऱ्यांत बोल्ट हातात आला.

टीटीचे बोल्ट एम१४×१.५चे. एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. या मापाला निदान साडेसात फेरे आटे धरले पाहिजेत, असा चाकांच्या धंद्यात सर्वमान्य दंडक आहे. मूळचा बोल्ट त्याच चाकाला स्पेसरशिवाय लावून पाहिला तर साडेनऊ फेरे जात होता. हिशेब सोपा आहे. मूळ बोल्टाची दांडी २७ मिमी. वीसचा स्पेसर घातला तर ४७ची हवी. दुकानदाराने ४० मिमीचे लावले होते. पुढच्या १५ मिमीच्या स्पेसरला ४२ हवी होती, तिथेही ४०च. म्हणजे त्याच्याकडे एकाच लांबीचा डबा होता आणि तो त्याने चारही चाकांना वाटून टाकला. पुढे दोन मिलिमीटरचा फरक खपून गेला. मागे सात मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फेरे आटे, हवेत.

त्याहून वाईट गोष्ट बोल्टाच्या गळ्याशी होती. ऑडी आणि फोक्सवॅगनच्या मूळ रिममध्ये बोल्ट बसायची जागा गोलाकार असते, वाटीसारखी, १३ मिमी त्रिज्येची. बाजारात सुटे मिळणारे बहुतेक बोल्ट मात्र शंकूच्या गळ्याचे, ६० अंशाचे. शंकू वाटीत बसवला की पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, एका बारीक कड्यावर सगळा भार येतो. टॉर्क पाना १२० न्यूटन-मीटरला 'टक्' करतो, माणसाचं समाधान होतं, आणि ते कडं दबलं की बोल्टातला ताण निघून जातो. या गाडीच्या रिममध्ये प्रत्येक भोकात तशी चकचकीत रेघ उमटलेली होती. मागच्या उजव्या चाकाचे दोन बोल्ट तर पान्याला फारसा विरोध न करता फिरले.

गाडी त्याच वेळी जॅकवर ठेवून दिली. मालकाला फोन करून सांगितलं, "आज गाडी मिळायची नाही. घरी रिक्षाने जा." थरथर, घासणं, नाक पळणं या सगळ्या पुढच्या गोष्टी. मागचं चाक निघून जाण्याआधी ती माझ्या दारात आली, हे त्याचं नशीब.

थरथर कुठून येत होती

पुढचे स्पेसर उतरवून व्हर्निअर लावला. गाडीच्या हबचा व्यास ५७.१ मिमी. स्पेसरचं मधलं भोक ६६.६. दोन-तीन प्रकारच्या गाड्यांना चालावा म्हणून केलेला 'युनिव्हर्सल' माल: बोल्टांच्या भोकांचे दोन संच पाडलेले आणि मधलं भोक मोठं. चहूबाजूंनी पावणेपाच मिलिमीटर मोकळे, मनगटावर सैल बांगडी असावी तसा तो हबवर लोंबत होता. चाकाचा मध्य हबने धरायचा असतो. इथे तो फक्त बोल्टांनी धरला होता आणि बोल्ट चुकीच्या गळ्याचे.

पण एवढ्याने थरथर समजली नाही, कारण ती प्रामुख्याने डावीकडून येत होती. डायल गेज लावल्यावर डाव्या स्पेसरच्या तोंडावर ०.४ मिमीचा डोल सापडला, उजव्यावर जवळपास काही नाही. स्पेसर अदलाबदल केले तरी डोल डावीकडेच. म्हणजे दोष स्पेसरमध्ये नव्हता, त्याच्या पाठीमागे होता. ब्रेकची डिस्क हबवर जागच्या जागी राहावी म्हणून या गाड्यांत एक छोटा स्क्रू असतो, त्याचं डोकं डिस्कमध्ये बुडलेलं असतं. कधीतरी डिस्क बदलताना कुणीतरी तो हरवून उंच डोक्याचा दुसरा मारला होता. रिमच्या पाठीला तिथे खोलगट जागा असते, त्यामुळे इतके दिवस चाकाला त्याचा पत्ताच लागला नाही. सपाट स्पेसर आला आणि तो त्या डोक्यावर टेकून एका बाजूने उचलला गेला. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते ते वेगळेच. स्पेसर घालणारे दहातले नऊ जण हबचं तोंड तारेच्या ब्रशने साफ करत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. बाकी तांत्रिक चर्चा मात्र तासभर करतात.

आत रिकामं, बाहेर दाटी

घासण्याचा उलगडा गाडीपेक्षा कागदावर लवकर झाला, आणि तो मालकाच्या वडिलांनी केला. ते कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल झालेले, निवृत्त. मुलाच्या या छंदाला त्यांचा विरोध नाही, फक्त "हिशेब कुठे आहे?" हा एकच प्रश्न असतो. मी आकडे सांगत गेलो, ते पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने आडवा छेद काढत गेले.

ईटी म्हणजे रिमचा मध्य आणि हबला टेकणारं तोंड यांतलं अंतर. ५२ म्हणजे रिमचा मध्य त्या तोंडाच्या ५२ मिमी आत. २४५चा टायर ९जे रिमवर चढवला की तो प्रत्यक्षात साधारण २५० मिमी रुंद भरतो, कारण टायरचं छापील माप त्याच्या ठरलेल्या रिमवरचं असतं आणि दर अर्ध्या इंचाला सुमारे पाच मिलिमीटर फरक पडतो. म्हणून मध्यापासून १२५ बाहेर आणि १२५ आत. तोंडापासून मोजलं तर बाहेर ७३, आत १७७. आता नवी मांडणी. २६५चा टायर ९जे वर थोडा आवळला जातो, भरतो साधारण २६०. स्पेसर वीसचा, म्हणून ईटी उरला ३२. बाहेर ९८, आत १६२.

वडिलांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिल आपटली. "अहो, आतली पंधरा मिलिमीटर रिकामी करून ठेवली आणि बाहेर पंचवीस वाढवली!"

अगदी बरोबर. रुंद टायरला स्वतःसाठी दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटरच हवे होते. बाहेरचे उरलेले वीस स्पेसरने घेतले आणि मग कमान कमी पडली. रुंद टायर आणि स्पेसर एका दमात बसवतात तेव्हा बऱ्याचदा हेच घडतं. प्रत्येकाला वाटतं की स्पेसर टायरला जागा करून देतो. आतल्या बाजूला, म्हणजे शॉकअपच्या अंगाला, तो खरंच देतो. पण इथे आत अडचण नव्हतीच. बाहेर तोच स्पेसर टायरची जागा खात होता.

दुकानदाराने यावर सुचवलेला उपाय म्हणे कमानीची आतली कड गरम करून वळवण्याचा होता. टीटीच्या सांगाड्यात ६९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे आणि बाहेरचा बराचसा पत्राही त्याचाच. तो वळवताना रंग तडकला तर तो निस्तरणारा पेंटर शोधत फिरावं लागलं असतं. मालकाने तेवढं केलं नव्हतं.

नाक का पळत होतं

इथे मालकाचा आणि माझा खरा वाद होता. त्याचं म्हणणं, टायर रुंद म्हणजे पकड जास्त. मग पकड वाढवूनही गाडी वळणात बाहेर का जाते?

पहिली गोष्ट, टायर रुंद केल्याने रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ते ठरतं वजन आणि हवेच्या दाबावर. ही गाडी सुमारे १,४०० किलोची, इंजिन पुढे आडवं, वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर. एका पुढच्या टायरवर ४१५ किलो धरले आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलोच्या आसपास, तर ठसा पडतो साधारण १७० चौरस सेंटिमीटरचा. टायर रुंद केला तर तोच ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणात आखूड-रुंद ठसा रबराला कमी पिळतो, तापमान आटोक्यात ठेवतो, म्हणून फायदा आहेच. पण तो आकाराचा फायदा आहे. आणि पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते, कारण रुंद ठशाला समोरचं पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो. विश्वामित्री फुगली की बडोद्याच्या रस्त्यांचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट, फायदा दिला कुठे? मागे. ज्या गाडीचं नाकच आधी सुटतं, तिच्या मागच्या चाकांची पकड वाढवली तर नाक आणखी लवकर सुटणार. पोर्शे ९११चं इंजिन मागे असतं, तिला मागे रुंद टायर शोभतात आणि लागतातही. टीटीला कारखान्याने चारही टायर एकाच मापाचे दिले, त्यात कंजुषी नाही, विचार आहे.

आणि त्या विचाराला क्वाट्रोचंही कारण आहे. टीटीत मागच्या चाकांना ताकद पोचवते ती हॅल्डेक्स कपलिंग, तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटांची. पुढची-मागची चाकं सारख्याच गतीने फिरतील हे तिने गृहीत धरलेलं असतं. २४५/४० आर१८चा व्यास ६५३.२ मिमी, २६५/३५ आर१८चा ६४२.७. फरक १.६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. किलोमीटरमागे पुढचं चाक साधारण ४८७ फेरे घेतं आणि मागचं ४९५. दर किलोमीटरला आठ फेऱ्यांचा फरक. अहमदाबादपर्यंतच्या ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेस-वेवर तो साडेसातशेच्या घरात जातो. सावकाश, एका गतीने जाताना कपलिंग जवळपास मोकळी असते, तेव्हा निभावतं. पण माचीच्या घाटात पाय दाबला की ती आवळली जाते आणि हा फरक प्लेटांना घासून पचवावा लागतो. तेल काढून पाहिलं तर काळपट आणि करपट वासाचं होतं. ते याच टायरांमुळे की आधीच्या मालकाने कधी बदललंच नव्हतं म्हणून, हे ठरवता येण्यासारखं नव्हतं. बदलून टाकलं.

राहिली चराच्या मागे ओढली जाण्याची तक्रार. ती पुढच्या १५ मिमीची. स्टिअरिंग फिरताना चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती खाली रस्त्यापर्यंत वाढवली तर टायरच्या मध्यापासून काही अंतरावर टेकते. ते अंतर किती आणि कोणत्या बाजूला हवं, यावर ऑडीने १९७२च्या ऑडी ८०पासून लक्ष दिलं आहे: रेषा टायरच्या मध्याच्या जराशी बाहेर टेकली, तर एका बाजूच्या चाकाखाली वाळू आली तरी ब्रेक मारताना गाडी आपोआप सरळ राहायला बघते. ईटीचा आकडा या हिशेबात धरलेला असतो. पुढे १५ मिमीचा स्पेसर घातला की टायरचा मध्य पंधराच्या पंधरा मिलिमीटर बाहेर सरकतो आणि प्रत्येक चर, प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हात घालतो.

बेअरिंगचं मात्र लोक जितकं घाबरवतात तितकं नाही. मागच्या चाकावर २८० किलो धरले तर वीस मिलिमीटरने ५५ न्यूटन-मीटरचा जादा पीळ बसतो. जोरात वळण घेताना त्याच बेअरिंगवर हजाराच्या आसपास पीळ येतो आणि ते तो सोसतं. स्पेसरने बेअरिंग वर्षभरात जातं, ही गॅरेजमधली दंतकथा मला पटत नाही. खड्ड्यांनी जातं.

काय बसवलं

मी विचारलं, "तुला पकड हवी आहे की चाक कमानीच्या काठाला आलेलं हवं?" उत्तर आलं, "दोन्ही." निदान प्रामाणिक तरी.

पकडीसाठी २५५/४० आर१८, चारही चाकांना. हे माप हवेतून काढलेलं नाही. याच गाडीला कारखाना १९ इंची चाकं द्यायचा तेव्हा त्यावर २५५/३५ आर१९ यायचे. त्यांचा व्यास ६६१.१ मिमी. २५५/४० आर१८चा ६६१.२. म्हणजे कमानीत एवढा मोठा आणि एवढा रुंद टायर फिरतो हे कारखान्यानेच दाखवून दिलेलं आहे, आणि वर रबराची भिंत २४५/४०पेक्षा चार मिलिमीटर जास्त मिळते, जी आपल्या रस्त्यांवर रिम वाचवते. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९३ होता, एका टायरला ६५० किलो. नवे ९९चे, ७७५ किलो. बडोद्याच्या एका बाजूला लिमड्यात अपोलोचा कारखाना, दुसऱ्या बाजूला हालोलला सिएटचा, तरी हे माप दुकानात तयार नव्हतं, मागवावं लागलं. स्पीडोमीटर आता पूर्वीपेक्षा १.२ टक्के कमी दाखवतो. तो मुळात थोडा वाढवूनच दाखवत असल्यामुळे जीपीएसशी ताडून पाहिल्यावर अजूनही खऱ्या वेगाच्या वरच होता.

पुढे स्पेसर नाही. यावर चर्चा नाही.

मागे फक्त दिसण्यासाठी १० मिमी. घडीव अ‍ॅल्युमिनियमचे, आतून ५७.१ला नेमके बसणारे आणि बाहेर तेवढ्याच मापाची कड असलेले, म्हणजे स्पेसर हबवर केंद्रित आणि चाक स्पेसरवर. बोल्ट ३७ मिमी, गोल गळ्याचे, साडेनऊ फेरे. चाक हाताने फिरवून बोल्टांची टोकं मागे कुठे लागत नाहीत ना तेही पाहिलं, कारण बोल्ट लांब पडणंही तितकंच घातक. वडिलांना मकरपुरा जीआयडीसीतला एक लेथवाला माहीत होता, "दोन शतांशाच्या आत सपाट करून देईल" म्हणाले. देईलही. पण धातू कोणता, ओतीव की घडीव, याचा कागद त्याच्याकडे नसतो, म्हणून मी नाही म्हटलं.

जागा किती उरते ते पाहायला शाडू वापरला. गणपती नुकतेच झाले होते, घरोघरी उरलेली माती असतेच. कमानीच्या आतल्या कडेला गोळे चिकटवले, डिकीत वाळूच्या गोण्या टाकल्या, तिरप्या दोन चाकांखाली ठोकळे देऊन मागचं चाक पुरतं वर दाबलं. गोळा जिथे सर्वांत पातळ झाला तिथे कापून व्हर्निअरने मोजला: सहा मिलिमीटर. कागदावर टायर बाहेर ८५.५पर्यंत येत होता, जुन्या ७३पेक्षा साडेबाराने जास्त, आधीच्या घोटाळ्यापेक्षा तेवढ्यानेच आत. अलाइनमेंट केली. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा १२०ला तपासायला बोलावलं आणि तो आला.

त्याला कायद्याचीही कल्पना लेखी दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीचं मूळ स्वरूप बदलायला मुभा नाही, जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४)मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. दाराच्या स्टिकरवर १८ इंची रिमला २५५ हे माप नाही. विमा कंपनीला कळव म्हटलं. माझं स्वतःचं मत विचारलं असतं तर ते दहाचे स्पेसरही नकोत असंच सांगितलं असतं. मागची चाकं बाहेर सरकल्याने मागची पकड किंचित वाढते आणि नाकाचा दोष तेवढाच पुन्हा जागा होतो.

थरथर गेली, घासणं गेलं, चराचा नाद सुटला. माचीच्या वळणात नाक अजून पळतं, पण मूळ गाडीइतकंच, किंवा पुढच्या रुंद टायरांमुळे थोडं कमी. मालक आता पुढेही निदान पाचचे तरी घालू या म्हणतो, कारण मागच्या मानाने पुढची चाकं आत वाटतात.

२६५चे टायर त्याने विकायला काढले. स्पेसर मात्र मी विकू दिले नाहीत, ते आम्ही हॅकसॉने मधोमध कापले. दोघांच्या छेदात बोल्टाच्या भोकाजवळच बारीक ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, होते, ओतीव मालाचे. वडिलांनी त्यातला एक तुकडा मागून घेतला.